जामीन कोण राहणार?

कागदपत्रांच्या जगात शिक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी बांधल्या आहेत. पहिली पायरी दहावीची. भंडारा जिल्ह्यातला एखादा मुलगा दहावी पास असला, तर त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शेरा येत नाही. आखाती देशांसह अठरा देश असे आहेत, की तिथे कामाला जाण्याआधी दहावी न झालेल्या माणसाला सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती याला लागत नाही. दहावी शिकलेला माणूस परक्या मुलखात आपलं भलंबुरं पाहू शकतो, असं भारत सरकार धरून चालतं. दुसरी पायरी बारावीची. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. (आताचं नाव डी.एल.एड.) केलं आणि पात्रता परीक्षा पास झालं, की पहिली ते पाचवीला शिकवता येतं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातल्या सहा वर्षांच्या पोराला इंग्रजीचं पहिलं अक्षर शिकवायला नियमाने पदवी लागत नाही. तिसरी पायरी परदेशातल्या वर्गाची. तिथल्या सहा वर्षांच्या पोराला तेच अक्षर शिकवायचं असेल, तर बहुतेक देश पदवी मागतात. कोणत्या विषयातली? बहुधा कोणत्याही.

या तिसऱ्या पायरीवर अडलेला एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. त्याच्यामुळे एक प्रश्न गेले काही महिने माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. पदवी नसलेल्या माणसाने परदेशात जाऊन इंग्रजी शिकवणं योग्य आहे का? नियमात बसतं का, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर दूतावासाच्या संकेतस्थळावर मिळतं. मला पडलेला प्रश्न बरोबर-चुकीचा आहे.

*

मी लाखनी-साकोली पट्ट्यातल्या एका शाळेत पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. हा मुलगा माझा विद्यार्थी. त्याचं नाव इथे देत नाही. बारावीनंतर त्याने बी.ए.ला प्रवेश घेतला, पण दुसऱ्या वर्षी वडील आजारी पडले. ऐन रोवणीच्या दिवसांत घरची दोन एकर धानशेती त्याच्या अंगावर आली आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. पुढे नागपूरला एका कॉल सेंटरमध्ये त्याने तीन वर्षं काढली. रात्रभर अमेरिकेतल्या लोकांशी बोलायचं, पहाटे खोलीवर येऊन झोपायचं. तिथे त्याचं इंग्रजी असं काही सुधारलं, की आज माझ्या शाळेतल्या कोणाहीपेक्षा, माझ्यासकट, तो अधिक सहज बोलतो. गावी परतल्यावर त्याने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग चालवला. मी जाऊन मागे बसायचो. पोरं बोलायला लागली होती. माझ्या वर्गात वर्षभर तोंड न उघडणारी एक मुलगी त्याच्या वर्गात आपल्या बकरीबद्दल इंग्रजीत पाच वाक्यं सांगत होती.

नागपूरच्या जुन्या सहकाऱ्यामार्फत त्याला कंबोडियातल्या एका खासगी भाषावर्गात कामाची संधी दिसली. कंबोडियात पदवीची अट शेजारच्या देशांइतकी कडक राहिलेली नाही, म्हणून पदवी नसलेल्यांचे डोळे तिकडे वळतात. पण पगार चांगला हवा तर पदवी हवीच, असं त्याला सांगण्यात आलं. आणि मधे एक एजंट आला. एजंट म्हणाला, पदवीची चिंता करू नको, मागच्या तारखेची मिळून जाईल, खर्च पहिल्या दोन पगारांत निघेल.

तो माझ्याकडे आला तो अनुभवाचं पत्र मागायला. एजंटचं बोलणं त्याने लपवलं नाही. वर असंही विचारलं, "सर, डिग्री खोटी असली तरी इंग्रजी तर माझंच आहे ना?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. 'खोटं ते खोटंच' असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण त्याच्या प्रश्नाच्या मागे एक दुसरा प्रश्न उभा आहे: जी पदवी माझ्या इंग्रजीबद्दल काहीच सांगत नाही, ती माझ्याकडे नसल्याने माझ्या विद्यार्थ्यांचं नेमकं काय बिघडतं?

*

त्याच्या बाजूने बोलायचं तर पुष्कळ आहे.

दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा घ्या. तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. सोबत पदवी हवी, पण ती इंग्रजीचीच हवी असं नाही. म्हणजे कॅनडातला भूगर्भशास्त्राचा पदवीधर, ज्याने कधी कोणाला काही शिकवलेलं नाही, तो या दारातून आत जातो. आणि भंडाऱ्यातली इंग्रजीत एम.ए. आणि बी.एड. केलेली, वीस वर्षं पोरांची क्रियापदं दुरुस्त करत आलेली बाई त्या दारातून आत जाऊ शकत नाही. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक करार २०१० साली लागू झाला तेव्हा भारतीय इंग्रजी शिक्षकांसाठी एक छोटी फट ठेवली गेली. पण ती फट आहे, दार नव्हे. इतर अनेक ठिकाणीही पदवीच्या शेजारी पासपोर्टचा रंग पाहिला जातो.

याची मुळं जुनी आहेत. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनाबद्दल एक परिषद भरली होती. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारा, हा विचार त्या परिषदेत पक्का झाला असं रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने १९९२च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आणि त्या विचाराला त्याने सरळ भ्रम म्हटलं. त्याच सुमारास हंगेरीच्या पीटर मेजेश याने मांडलं, की जो स्वतः ती भाषा कष्टाने शिकला आहे, त्याला विद्यार्थी कुठे अडखळणार हे आधी कळतं, कारण तोही तिथेच अडखळलेला असतो. माझा अनुभव याला दुजोरा देतो. इंग्रजीत 'द' कुठे येतो आणि कुठे येत नाही हे जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्याला ठाऊक असतं, पण का ते सांगता येईलच असं नाही. मराठीत हा शब्दच नाही, म्हणून मला त्याच्याशी झगडावं लागलं आणि म्हणून मला तो समजावता येतो.

आणखी एक दाखला. ब्रिटनमधली व्हीएसओ ही स्वयंसेवकांची संस्था १९५८ साली अॅलेक डिक्सन यांनी सुरू केली. सुरुवातीच्या काळात तिने पाठवलेले स्वयंसेवक होते शाळा संपवून विद्यापीठात जाण्याआधीचे, अठरा-एकोणीस वर्षांचे तरुण. त्यांतले अनेक आशिया-आफ्रिकेतल्या शाळांत शिकवायला उभे राहिले. त्यांच्याकडे पदवी नव्हती, आणि त्याला कोणी फसवणूक म्हटलं नाही. त्याला सेवा म्हटलं गेलं. बारावी झालेला इंग्लंडचा मुलगा वर्गात उभा राहिला तर साहस, आणि बारावी झालेला साकोलीचा मुलगा उभा राहिला तर अपात्रता, हा हिशेब पदवीचा नाही हे उघड आहे.

घरचं उदाहरणही आहेच. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात शिकवायला सुरुवात केली तेव्हा मुंबई विद्यापीठच जन्माला यायचं होतं; ते १८५७चं. आमच्या भागातलं नागपूर विद्यापीठ तर १९२३चं. त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षं गावोगावच्या शाळा चालवल्या त्या सातवी फायनल पास मास्तरांनी. माझ्या आजोबांना अक्षरओळख अशाच एका मास्तरांनी करून दिली. त्या माणसांना अपात्र म्हणण्याची माझी हिंमत नाही.

*

असं सगळं असताना पदवीची अट निव्वळ मूर्खपणाची आहे असं म्हणून मोकळं व्हायला काय हरकत आहे? मला हरकत वाटते, आणि ती वर्गात शिकवताना आलेल्या अनुभवातून वाटते.

शिकवण्याच्या व्यवहारात एक विचित्र असमानता आहे. शिंप्याने सदरा बिघडवला तर तो घालून पाहणाऱ्याला लगेच कळतं. स्वयंपाक्याने मीठ जास्त घातलं तर पहिल्या घासाला कळतं. पण ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला आपला शिक्षक चुकीचं इंग्रजी शिकवतो आहे हे कळायला मार्गच नाही. त्याला ते कळलं असतं, तर त्याला शिक्षकाची गरज लागली नसती. चूक उघडी पडते ती सात-आठ वर्षांनी, कुठल्यातरी मुलाखतीत, आणि तेव्हा शिक्षक समोर नसतो. तेव्हा त्या मुलाला वाटतं, आपल्यालाच डोकं नव्हतं.

म्हणून विद्यार्थ्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी आधी तपासून सांगावं लागतं की हा माणूस विश्वास ठेवण्याजोगा आहे. आमच्या गावांत सेवा सहकारी संस्थेचं कर्ज घेताना जामीनदार लागतो. संस्था कर्जदाराला ओळखतेच असं नाही, पण जामीनदाराला ओळखते. आणि कर्ज बुडलं तर जामीनदाराच्या दारात येता येतं. पदवी मला तशी वाटते. ती ज्ञानाची मोजपट्टी म्हणून फार कच्ची आहे, हे वीस-पंचवीस वर्षं पेपर तपासणाऱ्या माणसाला सांगायला नको. पण तिच्यात एक विद्यापीठ जामीन राहिलेलं असतं. त्याचा पत्ता असतो, नोंदवही असते, विचारणा करता येते. कोरियातली आई भंडाऱ्याच्या मुलाला ओळखत नाही, पण पदवीवरचं नाव शोधून तपासू शकते.

या नजरेने पाहिलं की विषय महत्त्वाचा का राहत नाही, हेही कळतं. 'कोणतीही पदवी चालेल' या अटीचा अर्थ इंग्रजी येतं असा नसतोच. या माणसाने तीन-चार वर्षं एका ठिकाणी टिकून काहीतरी पूर्ण केलं आणि त्याची कोणीतरी नोंद ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. जामीन म्हणून तो ढिला आहे. पण जामीनच नसण्यापेक्षा बरा.

पदवीला तुच्छ लेखणं कोणाला परवडतं, हाही विचार करावा लागतो. भंडारा जिल्ह्यात हा विचार टाळता येत नाही. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि हरले होते. आज आमच्या तालुक्यांतल्या गावागावांत त्यांचे पुतळे आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी नावाशेजारी पदव्या कोरलेल्या दिसतात. बाहेरच्या माणसाला त्या पदव्यांच्या रांगेचं हसू येऊ शकतं. मला ती रांग समजते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या 'तुम्हाला काय कळतं' असं ऐकवलं गेलं, त्याच्यासाठी पदवी म्हणजे ज्याला नाकारता येत नाही असा कागद. आडनाव पाहून मार्क देणाऱ्या जगात ती एक परकी, कोरडी, म्हणूनच उपयोगी मोजपट्टी असते. पदवी नव्हती तेव्हा जग मोकळं होतं असं नाही. तेव्हा जन्म हीच पदवी होती, आणि ती सगळ्यांना मिळत नव्हती. पदवी काढून टाकली तर तिच्या जागी गुणवत्ता येईल अशी आशा मला वाटत नाही. ओळख येईल, वशिला येईल, आणि परदेशातल्या इंग्रजीच्या वर्गात गोरा चेहरा येईल.

*

पदवीशिवाय परदेशी विद्यापीठापर्यंत पोचलेल्या मराठी माणसाचं नाव घ्यायचं तर मला धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्यातल्या साखवाळला १८७६ साली जन्म. शाळेतलं शिक्षण तुटपुंजं, पदवी नाही. बुद्धाचा शोध घ्यायचा म्हणून १८९९च्या सुमारास घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ करत सिलोनला पोचले. तिथे कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात गेले. परत आल्यावर कलकत्त्यात पाली शिकवलं. १९१० साली हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्यामुळे ते अमेरिकेला गेले, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. हे काम हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकी अभ्यासकाच्या मृत्यूमुळे अर्धं राहिलं होतं. १९१२ ते १९१८ फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवून ते पुन्हा हार्वर्डला गेले, आणि त्यानंतरही काही वेळा. मधे सोव्हिएत रशियात लेनिनग्राडलाही जाऊन आले. १९४७च्या जूनमध्ये सेवाग्रामला, म्हणजे आमच्या विदर्भातच, त्यांनी देह ठेवला. हार्वर्डच्या मालेत तो ग्रंथ १९५० साली निघाला, वॉरन आणि कोसंबी या दोघांच्या नावांनी.

कोसंबींचं उदाहरण सहसा 'बघा, पदवीचं काही अडत नाही' असं सांगण्यासाठी दिलं जातं. मला त्यात वेगळंच दिसतं. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण जामीन होते, आणि एकापेक्षा एक भक्कम. सुमंगल महास्थविरांकडे शिकलो असं म्हणणाऱ्याबद्दल पालीच्या जगात फार विचारावं लागत नव्हतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये वेतन दिलं होतं. वुड्स स्वतः भेटून, कुवत पाहून त्यांना हार्वर्डच्या कामात घेऊन गेले. आणि कामच असं होतं, की त्यातली प्रत्येक ओळ दुसऱ्या जाणकाराला हस्तलिखिताशी ताडून पाहता येत होती. चूक लपण्याची सोय त्यात नव्हती.

कोसंबींच्या वाटेवरची प्रत्येक खडतर पायरी त्यांनी स्वतः चढली, यात शंका नाही. पण प्रत्येक पायरीवर कोणीतरी त्यांची पारख करून पुढच्याला सांगितलं, हेही तितकंच खरं. माझ्या विद्यार्थ्याने कॉल सेंटरमध्ये तीन वर्षं जे कमावलं त्याची पारख करून पुढे सांगणारं कोणी नाही. कॉल सेंटरच्या अनुभवपत्रावर किती फोन घेतले ते येतं. इंग्रजी किती आलं ते येत नाही. त्याच्या ज्ञानात कमतरता असेल तर ती दुरुस्त होण्यासारखी आहे. त्याच्या मागे कोणी उभं नाही, ही कमतरता तो एकटा दुरुस्त करू शकत नाही.

*

आता त्याच्या प्रश्नाला उत्तर देता येतं. इंग्रजी तुझंच आहे. पण खोटी पदवी म्हणजे जामीनदाराची खोटी सही. तू चांगला कर्जदार असशील, सगळे हप्ते वेळेवर फेडशील, तरी ज्याने तुझी जबाबदारी घेतलेलीच नाही त्याच्या नावाचा अंगठा तू कागदावर उठवलास. वर्गातल्या मुलांना वाटेल की आपल्यामागे एक विद्यापीठ उभं आहे. मागे भिंतच नसेल.

शिवाय याचे भोग दुसऱ्यांच्या वाट्याला येतात. एक खोटी पदवी पकडली गेली की पुढच्या दहा खऱ्या भारतीय पदव्यांकडे संशयाने पाहिलं जातं. आमच्याच जिल्ह्यातली एखादी मुलगी, एसटीने रोज भंडाऱ्याला जाऊन बी.ए. पूर्ण केलेली, उद्या तिथे अर्ज करेल तेव्हा तिचा कागद दोनदा उजेडात धरून पाहतील.

आणि सगळ्यात मोठा धोका त्याला स्वतःला. ज्याच्या हातात तुमचं खोटं आहे त्याच्या हातात तुम्ही आहात. कंबोडिया, म्यानमार, लाओस या देशांत नोकरीच्या आमिषाने नेऊन तरुणांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि परराष्ट्र मंत्रालयाने २०२२पासून त्याबद्दल वारंवार सावध केलं आहे. खऱ्या कागदांवर गेलेला माणूस निदान दूतावासाचं दार ठोठावू शकतो. खोट्या कागदावर गेलेला ते दार ठोठावताना दहादा विचार करतो, आणि एजंटला नेमकं तेच हवं असतं.

शिक्षक म्हणून मला सगळ्यात जास्त टोचतं ते आणखी वेगळं. चांगल्या शिक्षकाच्या तोंडी दिवसातून एकदा तरी 'हे मला माहीत नाही, उद्या पाहून सांगतो' हे वाक्य यावं लागतं. पदवी खरी असलेल्यालाही ते जड जातं. पदवी खोटी असलेल्याला ते जवळजवळ अशक्य होतं, कारण प्रत्येक 'माहीत नाही' त्याला उघडं पाडणारं वाटतं. मग तो ठोकून देतो. इंग्रजी खरं असूनही वर्ग खोटा होत जातो.

*

पण हे सगळं बोलताना एक गोष्ट मला खटकत राहते. हा प्रामाणिकपणा मी कोणाच्या खिशातून दाखवतो आहे? माझी नोकरी पक्की आहे. माझ्याकडे एम.ए., बी.एड. आहे. पंचवीस वर्षांत कोणी वर्गात बसून माझं इंग्रजी तपासलेलं नाही. तपासली ती हजेरी, टाचणवही आणि निकालाची टक्केवारी. एकदा मिळालेल्या जामिनावर मी जन्मभर चाललो आहे. आणि ज्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा सरस आहे त्याला मी सांगतो आहे, की बाबा, खरं बोल आणि गावातच थांब.

यात एक कोडगेपणा आहे, आणि तो माझ्या एकट्याचा नाही. आमच्या भागातली मुलं घरी झाडीबोली बोलतात. 'पाणी'ला 'पानी' म्हणतात. शाळेत आल्यावर त्यांना पहिल्या दिवसापासून कळतं की 'ण' न म्हणणारा माणूस मागासलेला असतो. पुढे इंग्रजीत हीच मुलं आणखी एका मोजपट्टीखाली येतात, आणि परदेशाचा विषय निघाला की तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी मोजणारा दुसरा असतो आणि त्याची पट्टी त्याच्या घरच्या बोलीची असते. अशा मुलाला 'नियम पाळ' एवढंच सांगणं म्हणजे मोजणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभं राहणं.

म्हणून मला वाटतं, ज्याच्याकडे पदवी आहे त्याच्यावर इथे एक कर्तव्य येतं. पदवी नसलेल्याला खोटं बोलू नको म्हणण्याचा हक्क त्यालाच, जो त्याचा खरा जामीन राहायला तयार आहे. जामीन राहणं म्हणजे शुभेच्छा देणं नव्हे. त्याचा वर्ग पाहून, त्याची ताकद आणि कमतरता दोन्ही लिहून, खाली आपलं नाव आणि फोन नंबर देऊन, उद्या काही बिघडलं तर 'मी सांगितलं होतं' असं उत्तर द्यायला तयार असणं.

मी पत्र लिहिलं. त्यात त्याने किती उन्हाळे, कोणत्या इयत्तांना, किती मुलांना शिकवलं ते लिहिलं. मी मागे बसून काय पाहिलं ते लिहिलं. लहान मुलांना बोलतं करण्यात तो माझ्यापेक्षा चांगला आहे, हेही लिहिलं. व्याकरण पद्धतशीर शिकवायचा सराव त्याला अजून कमी आहे, तेव्हा पहिलं वर्ष अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली ठेवावं, असं सुचवलं. आणि त्याच्याकडे पदवी नाही, हे एका वाक्यात सरळ लिहिलं.

त्याने पत्र दोनदा वाचलं. "सर, हे एक वाक्य काढता येईल का?"

मी नाही म्हटलं. ते वाक्य काढलं तर बाकीच्या वाक्यांवर कोणी का विश्वास ठेवावा? तो काही बोलला नाही. पत्र घडी करून खिशात ठेवलं. एजंटकडे तो पुन्हा गेला नाही, एवढं मला माहीत आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात त्याने राहिलेल्या बी.ए.साठी नाव घातलं आहे. केंब्रिजच्या 'सेल्टा' या अध्यापनाच्या प्रमाणपत्रासाठी पदवीची सक्ती नाही हे मी त्याला दाखवलं. त्याची फी पाहून तो हसला. वर्षभराच्या धानातही ती निघणार नव्हती. कंबोडियाच्या वर्गाने अजून हो किंवा नाही कळवलेलं नाही.

*

पदवी नसलेल्या माणसाने परदेशात इंग्रजी शिकवावं का? माझ्यापुरतं उत्तर असं: शिकवावं, जर तीन गोष्टी असतील तर. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, हे त्याने ज्याच्याकडे काम करणार त्याला सांगितलेलं असावं. त्याच्या शिकवण्यावर लक्ष ठेवणारं, चूक दाखवणारं कोणीतरी त्या ठिकाणी असावं. आणि त्याला ओळखणाऱ्या कोणीतरी त्याच्यासाठी आपलं नाव पणाला लावलेलं असावं. या तिन्ही गोष्टी पदवीधरालाही लागू होतात. फरक इतकाच, की पदवीधराला त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही.

पहिली गोष्ट त्या तरुणाच्या हातात आहे. दुसरी त्याला कामावर घेणाऱ्याच्या. तिसरी आपल्या हातात आहे. आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती हिच्याच बाबतीत. विद्यार्थी पत्र मागायला आला की आपण 'तो मेहनती, सुस्वभावी व होतकरू आहे' असा साचा काढतो, शिक्का मारतो आणि त्याला वाटेला लावतो. त्या साच्यात खोटं काही नसतं. पण त्यात जामीनही कोणी राहिलेलं नसतं. मग तो मुलगा बाहेर पडतो आणि त्याला एजंट भेटतो, जो निदान त्याच्यासाठी काहीतरी करायला तयार असतो.